निपटारा शंभर टक्के

पनवेलमधल्या आमच्या कार्यालयात संगणक येऊन वीस वर्षं झाली, पण त्यांच्याशी आजवर कोणी बोललेलं नव्हतं. ही गंभीर बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आली आणि परिपत्रक निघालं. चिन्हांवर गणित करणाऱ्या एका संगणकभाषेची मूलतत्त्वं सर्व लिपिकांनी तीस दिवसांत आत्मसात करावीत, अन्यथा बदली. नळजोडणी विभागाचा लिपिक या नात्याने मीही आत्मसात करायला बसलो.

शिकवायला निनाद नावाचा तरुण पुण्याहून आला. त्याने आधी लहान-मोठ्या अक्षरांतला भेद समजावला. या भाषेच्या मूळच्या सगळ्या आज्ञा मोठ्या अक्षराने सुरू होतात, आणि आपण घातलेली नावं शक्यतो लहान अक्षराने सुरू करायची असतात. मोठं कोण आणि लहान कोण हे ओळखण्यातच आमची नोकरी गेलेली, त्यामुळे हा धडा चहा यायच्या आत पाठ झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने टाइप केलं, क्ष अधिक क्ष. उत्तर आलं, दोन क्ष. क्ष म्हणजे कोण, कुठला, हे संगणकाने विचारलंसुद्धा नाही. आमचे कुमारसाहेब खुर्चीत पुढे सरकले. मग निनादने एक नुसतंच नाव टाइप केलं, ज्याची व्याख्या कुणी कुठेच दिलेली नव्हती. संगणकाने तेच नाव जसंच्या तसं परत दिलं.

"बिघडला का?" मी विचारलं.

"नाही हो. त्याला जे माहीत नाही, ते तो न बदलता परत करतो. ही चूक नाही, हेच उत्तर आहे."

तीस वर्षं आम्ही हेच करत आलो होतो आणि लोक आम्हाला शिव्या घालत होते. आवक-जावकच्या अरुंधतीबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. तिसऱ्या दिवशी विलंबित व्याख्या हा प्रकार आला. लिहून ठेवताना काहीच करायचं नाही, कोणी मागायला आलं की मग बघायचं. इतका हुशार वर्ग आपण पाहिला नाही, असं निनाद म्हणाला, आणि ते आम्हाला पटलं.

परीक्षेसाठी प्रत्येकाने एक प्रलंबित प्रकरण या भाषेत मांडायचं होतं. मी मालूबाईंचं घेतलं. मालूबाई पळस्प्याजवळच्या गावातल्या. पाण्याची मोठी पाइपलाइन त्यांच्या ओट्याला घासून जाते, पण घरात नळ नाही. चार वर्षं त्या अर्ज करताहेत आणि समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनची मनधरणी करून रोज चार हंडे डोक्यावरून आणताहेत. मी टाइप केलं, नळ, पुढे चौकटी कंसात मालू. संगणकाने उत्तर दिलं, नळ, पुढे चौकटी कंसात मालू. आमचा चार वर्षांचा पत्रव्यवहार त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकला. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

कुमारसाहेबांनी त्याच आठवड्यात दाराशी एक मशीन बसवलं. नागरिकाने अर्ज टाइप करायचा, मशीनने तोच अर्ज सुबक अक्षरांत, वर 'उत्तर' असं छापून परत द्यायचा. निपटारा शंभर टक्क्यांवर गेला. पेपरात फोटो आला, आणि दुसऱ्या शहरांतले अधिकारी अभ्यासदौऱ्यावर येऊन आमच्याकडचे बटाटेवडे खाऊन गेले.

मग मालूबाई आल्या. मशीनमधून निघालेला कागद त्यांनी दोनदा वाचला आणि माझ्या टेबलाशी आल्या.

"भाऊ, ह्यो तर माजाच अर्ज हाय."

मी त्यांना शास्त्र समजावलं. व्याख्या नसलेलं चिन्ह तसंच परत येतं, यात कोणाचा दोष नसतो.

"मंग नल म्हंजी काय ते तुमी सांगा ना त्याला," मालूबाई म्हणाल्या. "त्याला ठाव नाय. तुमाला तर ठाव हाय."

निनाद मागेच उभा होता. मूलतत्त्व समजलेली या इमारतीतली ही पहिलीच व्यक्ती, असं तो म्हणाला. एकच ओळ लिहायची होती: या बाईंचा नळ म्हणजे सोमवारी प्लंबर पाठवणे. मला बाईंच्या वाकलेल्या कंबरेकडे बघून खरोखर लाज वाटली, आणि माझी बोटं कीबोर्डवर गेलीही. पण शिस्त म्हणून साहेबांना विचारलं.

साहेबांनी नियम दाखवला. चालू यंत्रणेत बदल करायचा, तर ती असमाधानकारक असल्याची निदान एक नोंद हवी. बाहेर पडताना प्रत्येकाने अभिप्राय म्हणून दाबायची दोन बटणं दाराशी मशीनवर आहेत, हिरवा हसरा चेहरा आणि लाल रडका. एक लाल पुरे. मात्र मालूबाई स्वतः हितसंबंधी असल्याने त्यांचं बोट धरलं जाणार नाही, दुसऱ्या कोणीतरी दाबायला हवं.

मालूबाईंना हे अगदीच सोपं वाटलं. त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हसून सांगू लागल्या, "बाला, तेवढा लाल दाब, मना पानी येल."

लोक थांबत होते. पाइपलाइनचं ऐकून हळहळत होते. एकाने सरकारला मनसोक्त शिव्या घातल्या, दोघांनी मावशींसोबत फोटो काढला. पण लाल दाबलं की मशीन नाव आणि मोबाइल नंबर विचारतं, हिरवं काहीच विचारत नाही. पाच वाजेपर्यंत चारशे बारा हिरवे झाले. लाल शून्य.

दारावरच्या कॅमेऱ्यातली यादी माझ्याकडे असते. दोनशे सत्तावन्नावे तुम्ही आहात. चौकड्यांचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, खांदा कॉलनीची रिक्षा बाहेर थांबवून ठेवलेली. "नक्की, मावशी," असं म्हणालात आणि हिरवं दाबलंत. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, हे मी शेऱ्यात नमूद केलं आहे. तुमच्यावर कसलीही कारवाई होणार नाही, उलट यंत्रणा तुमची आभारी आहे. मालूबाई अजून दाराशीच आहेत. आणि आत्ता हे वाचताना तुम्ही दोन-तीनदा हसलात ना, तेही आम्ही हिरव्यातच धरलं आहे.