मागचं उजवं चाक

सकाळी सहाला आमची बेल वाजली की समजावं, गवईकाका मोजणीला निघाले. हातात टेप, कानावर पेन्सिल. "ताई, लगतचे हजर पायजेत. टोक धरा!"

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. शेजारचे खातेदार हजर नसले तर मोजणी कसली, हे त्यांच्या अंगात भिनलंय. आता मोजायला शेतं उरली नाहीत, म्हणून ते मुलाची गाडी मोजतात. अमरावतीच्या आमच्या गल्लीत त्यांना लागून माझंच घर, त्यामुळे टेपचं टोक माझ्या नशिबी. सातला माझी क्लासची पहिली बॅच असते आणि चहासुद्धा पोटात गेलेला नसतो.

गाडी विजेवर चालणारी, भारीतली. जर्मनीला जाताना निखिलनं ती अंगणात लावली आणि "विकू नका" सांगून गेला. काकांना ती चालवता येत नाही. ते आपले स्कूटरवर. या गाडीला साध्या स्प्रिंगा नाहीत, रबरी फुगे आहेत आणि त्यांत हवा भरायला पंप. मागच्या उजव्या फुग्याची हवा रात्रभरात सुटायची आणि गाडी सकाळी त्या कोपऱ्यावर बसलेली असायची. मग काका चाकावरची फट मोजणार, वहीत लिहिणार, खाली माझी सही घेणार.

"दुरुस्त करून टाका ना, काका."

"कावून? हळूहळू तं बसून राहिली ते."

बिघाडाची सूचना निखिलच्या मोबाइलवर जायची. तिकडे तो उठला की इकडे साडेदहाला काकांचा फोन वाजायचा. मी बॅच आटोपून येऊन जरा पडावं, तर भिंतीपलीकडून आरोळी, "फट दोन बोटं! ताईची सही हाय!" फटीवरून गोष्ट थंडीवर जायची, थंडीवरून जेवणावर. मी उशी कानावर घ्यायची.

मे महिन्यात मी टेकीला आले. अकोल्याहून रफिकभाईंना बोलावलं. ते ट्रॅव्हल्सच्या बसचे फुगे दुरुस्त करतात. त्यांनी साबणाचं पाणी फवारलं आणि चाकामागे एका जागी बुडबुडे आले.

"फुगा एकदम अच्छा हाय, ताई. नळीचा जोड ढिला हाय. असंच चालू राह्यलं असतं तं पंप चालून चालून जळला असता."

नळीचं टोक कापून त्यांनी जोडातली कडी बदलली आणि नट आवळला. काका टॉर्च धरून उभे होते. दुसऱ्या दिवशी चारही चाकांवर फट सारखी निघाली. काकांनी ती लिहिली, माझी सही घेतली आणि वही मिटली.

दहा दिवस मी साडेसहापर्यंत झोपले. स्वतःवर भलतीच खूश होते. मग एकदा ध्यानात आलं, साडेदहाला भिंतीपलीकडे काहीच वाजत नाही. बाहेर आले तर काका पायरीवर, मांडीवर फोन.

"निखिल काय म्हणतो?"

"काय म्हनन? गाडी ठीक हाय. फोनचं कामच नाई पडत त्याले."

"मग तुम्ही करा ना."

"तो कामात असते. उगाच कायले?"

माझी मलाच लाज वाटली. अर्ध्या तासाच्या झोपेपायी मी या माणसाचं बोलणं बंद करून ठेवलं होतं.

पुढच्या सोमवारी सहाला बेल वाजली. दारात काका. हातात टेप, नखं काळी, उजव्या हातावर ताजं खरचटलेलं, खिशातून पाना डोकावत होता.

"ताई, मांगचं उजवं चाक बसलं परत."

"काका! गाडी हातावर बसली असती म्हणजे? आणि पंप जळेल, रफिकभाईंनी सांगितलं ना?"

काकांनी टेप ओढली.

"जळू द्या. मोठा बिघाड झाला तं त्याले यावंच लागन."

मी चाकाशी खाली बसले आणि टोक धरलं.