सायकलीला काय काय बसतं

माणसाच्या आयुष्यातला सर्वात गंभीर निर्णय कोणता, यावर विचारवंतांचं आजवर एकमत झालेलं नाही. कारण त्यांच्यापैकी कोणी सायकल जमवून पाहिलेली नाही. तयार सायकल काय, कोणीही घेतो. दुकानात जायचं, पैसे द्यायचे, टांग टाकून घरी यायचं. यात बुद्धीला काही कामच उरत नाही. सायकल जमवणं ही गोष्ट निराळी. इथे फ्रेम एकीकडून येते, चाकं दुसरीकडून, सीट तिसरीकडून, आणि हे सगळे पाहुणे एकमेकांना बसतात की नाही हे पाहण्यात माणसाचं उमेदीचं वय सत्कारणी लागतं.

माझे मेहुणे पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागाचे प्रमुख आहेत. म्हणजे कुठलीही गोष्ट तडकाफडकी न करण्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे. त्यांच्याकडे एक काळी, दणकट, तयार सायकल होती. तिला मागे रुंद कॅरिअर होतं आणि त्या कॅरिअरवर माझी ताई लग्न झाल्यापासून बसत आली होती. रोज संध्याकाळी दोघं डबलसीट तळ्यापर्यंत जायची आणि परत यायची.

या फेरीचं महत्त्व बाहेरच्याला कळायचं नाही. मेहुणे घरात बोलत नाहीत. घरात त्यांना काही विचारलं तर ते "हं" म्हणतात, आणि या "हं"चा अर्थ हो, नाही, ऐकू आलं नाही किंवा भाजीत मीठ जास्त झालंय, यांपैकी काहीही असू शकतो. सायकलवर मात्र त्यांना वाचा फुटते. ताई त्यांच्या पाठीला प्रश्न विचारते आणि पाठ व्यवस्थित उत्तर देते. त्या घरातले सगळे मोठे निर्णय असेच झाले आहेत: मुलीचं कॉलेज, गच्चीची गळती, सासूबाईंचं ऑपरेशन. (गच्ची अजून गळते, पण तो दोष गवंड्याचा.)

एके दिवशी काळ्या सायकलची चेन तुटली. नवी चेन टाकली असती तर प्रश्न तिथल्या तिथे मिटला असता, आणि त्या उपायातली त्रुटी नेमकी हीच होती. दुकानात मेहुण्यांना त्यांचे जुने स्नेही, दातांचे डॉक्टर, भेटले. ते सायकलकडे बघत, एखादी दाढ काढावी लागेल अशा सुरात म्हणाले, "ही तुमच्या मापाची नाहीच हो. इतकी वर्षं चालवलीत कशी?" मेहुण्यांना त्या रात्री झोप लागली नाही. आठवड्याभरात काळी सायकल विकली गेली, कारण नव्या सायकलचे भाग ठेवायला जागा लागणार होती.

ताईने हरकत घेतली नाही. ती एवढंच म्हणाली, "काय बनवायची ती बनवा. फक्त मागे मला बसायला जागा ठेवा. आणि जरा लवकर करा, मला तुमच्याशी एक बोलायचंय."

"हं," मेहुणे म्हणाले.

काय बोलायचं होतं ते तिने मला स्वयंपाकघरात सांगितलं. ताई ग्रंथालयात सहायक आहे. बऱ्याच वर्षांनी तिला दुसऱ्या गावच्या मोठ्या ग्रंथालयाने मुख्य ग्रंथपाल म्हणून बोलावलं होतं. जायचं तर तिकडेच राहावं लागणार होतं.

"मग सांग ना त्यांना. अडलंय कुठं?"

"घरात सांगितलं की 'हं' येतं. ह्या गोष्टीला मला 'हं' नकोय रे. जा म्हणाले तर जाईन, नको म्हणाले तर राहीन. पण काहीतरी म्हणायला हवं ना माणसानं? आणि तू मध्ये तोंड घालू नकोस. माझं मी विचारीन, सायकल होऊ दे."

अशा रीतीने ताईचं पुढचं आयुष्य सायकलच्या प्रगतीशी जोडलं गेलं, आणि प्रगतीसाठी ताबडतोब एक मंडळ नेमण्यात आलं. त्याचं नाव चक्रमंडळ. (हे नाव कुठे तोडून वाचायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.) त्यात स्वतः मेहुणे होते, दातांचे डॉक्टर होते, ज्यांच्याकडे गिअरच्या चकत्यांचे दात हा विषय आपसूक गेला, आणि खिशात छोटा वजनकाटा घेऊन फिरणारे एक गृहस्थ होते, ज्यांना सगळे तोळामासा म्हणत. मी साला या नात्याने निमंत्रित होतो. निमंत्रिताला मत नसतं, चहा असतो.

पहिलं काम मेहुण्यांची मापं घेण्याचं. फ्रेम माणसाला बसायची तर माणूस आधी नीट मोजलेला हवा. हात, धड, मांडी, पोटरी अशी सर्व मोजणी झाली आणि मेहुण्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा रेसभर लांब निघाला. आयुष्यभर ते याच पायांवर बिनबोभाट चालत आले होते. त्या दिवसापासून ते लंगडू लागले. शास्त्राशिवाय माणूस किती अंधारात असतो याचा हा धडधडीत पुरावा होता.

मग फ्रेम. उमेदवार चार होते. स्टील: खड्ड्यांचे धक्के स्वतः सोसतं, पण जड. अॅल्युमिनियम: हलकं, पण सोसलेला प्रत्येक धक्का चालवणाऱ्याच्या कानावर घालतं. कार्बन: सर्वांत हलका, पण मनाला लावून घेतो आणि एक दिवस न सांगता तडकतो. टायटॅनियम: काहीच होत नाही, नातवंडांनाही पुरतं, फक्त ते घेतलं की नातवंडांना दुसरं काही ठेवता येत नाही. मंडळाने एकेका धातूला पुरेसा न्याय दिला. बैठकांच्या वेळेचा हिशेब माझ्याकडे आहे: फ्रेमवर चर्चा एकसष्ट टक्के, सीटवर बावीस, हँडलच्या वळणावर दहा, चहा सात. सायकल चालवण्यावर शून्य. (तो विषय एकदा निघाला होता, पण डॉक्टरांनी ओशाळून मागे घेतला.)

सायकल जमवणाऱ्यांच्या भाषेत क्रियापद एकच असतं: बसणे. हे त्याला बसेल का? ते ह्यात बसतं का? मेहुण्यांनी आधी चाकं आणली, ती फ्रेमला बसेनात. चाकांसाठी दुसरी फ्रेम पाहिली, तिला पॅडलचा एक्सल बसेना. एक्सल जगन्मान्य मापाचा होता, फ्रेमचं भोकही जगन्मान्य मापाचं होतं, फक्त जगं दोन होती. त्यावर दुकानदाराने मधे बसवायचं एक कडं सुचवलं. तोळामाशाने ते काट्यावर टाकलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. कडं परत गेलं, त्याच्याबरोबर एक्सल गेला, आणि माणुसकी म्हणून फ्रेमही पाठवली. मंडळ पुन्हा स्टीलपासून सुरू झालं.

वजनाच्या बाबतीत मंडळ कठोर होतं. स्टँड गेला, कारण चांगली सायकल भिंतीला टेकते. मडगार्ड गेलं, कारण चांगली सायकल चिखलात नेत नाहीत. घंटी गेली; सभ्य माणूस खाकरतो. मग कॅरिअरचा प्रश्न आला. तोळामासा म्हणाले की खुद्द कॅरिअरचं वजन फारसं नाही, पण त्यावर जे बसतं त्याचाही विचार व्हायला हवा. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. तोळामाशाने अतिशय अदबीने विचारलं, "वहिनी, आपलं वजन साधारण कळलं असतं तर..."

"ट्रेसकट सांगू की ट्रेशिवाय?" ताईने विचारलं.

तोळामाशाने काटा खिशात घातला. कॅरिअर पुढील बैठकीपर्यंत तहकूब झालं, आणि पुढल्या बैठकीत ताई घरी नव्हती तेव्हा एकमताने रद्द झालं. मला मत नव्हतं, पण राहवलं नाही. मी म्हणालो, "भावजी, ताईला मागे बसून तुमच्याशी काहीतरी बोलायचंय. महत्त्वाचं आहे." मेहुण्यांनी मान वर केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण डॉक्टर म्हणाले, "बोलणं हा सुटा भाग नाही." ते खरंच होतं. बोलणं सुट्या भागाच्या व्याख्येत बसत नाही. मेहुण्यांची मान खाली गेली.

तिकडे ग्रंथालयाने एकदा मुदत वाढवून दिली, दुसऱ्यांदा कुरकुरत दिली, तिसऱ्यांदा दिली नाही. त्या संध्याकाळी ताई बाहेरच्या खोलीत आली. खुर्चीवर चाक होतं, सोफ्यावर हँडल होतं, म्हणून ती उभीच राहिली. मेहुणे जमिनीवर मांडी घालून सीटचा दांडा फ्रेमच्या नळीत घालून बघत होते. मी दाराशी होतो, म्हणून पुढचं संभाषण अधिकृत समजावं.

"अहो, मला मुख्य ग्रंथपाल म्हणून बोलावलंय. दुसऱ्या गावी. जाऊ का?"

"हं."

मग सायकलवर विचारायची तशा आवाजात ताईने विचारलं, "ह्या वयात माझं बस्तान बसेल का हो तिकडे?"

"बसेल, बसेल," मेहुणे दांडा फिरवत म्हणाले. "थोडं ग्रीस लागेल, पण बसेल."

इतकं भरघोस उत्तर त्या घरात, घराच्या आत, यापूर्वी कधी मिळालं नव्हतं. ताईने पदर डोळ्याला लावला, की केस मागे सारले, मला दिसलं नाही. ती बॅग भरायला आत गेली. दोन दिवसांनी सकाळी ती "येते मी" म्हणाली, तेव्हा मेहुणे ब्रेकची तार ओढत होते. ते काय म्हणाले असतील ते तुम्हाला माहीत आहे.

सायकल त्याच आठवड्यात पूर्ण झाली. मेहुण्यांनी ती एका बोटावर उचलून दाखवली, मंडळाने टाळ्या वाजवल्या. मग ते सायकल रस्त्यावर घेऊन आले, सीटवर बसले, आणि एक पाय जमिनीला टेकवून तसेच थांबले. मागे वजन पडल्याशिवाय निघायची त्यांना सवयच नव्हती. वजन काही पडलं नाही. तोळामासा हळूच म्हणाले, "बघा, किती हलकी झालीय." मंडळाने त्याची यश म्हणून नोंद केली.

त्या संध्याकाळी मेहुण्यांचा मला फोन आला. "अरे, ताई कुठंय तुझी? तळ्यावर जायचं म्हणत होतो."

मी सांगितलं.

मग ते म्हणाले, "बस्तान बसेल असं मी म्हणालो?"

"तुम्हीच. ग्रीस लागेल म्हणालात."

"अरे, ते मी दांड्याला म्हणालो!"

मला त्यांचा इतका राग आला की फोन आपटावासा वाटला, आणि इतकं वाईट वाटलं की आपटता आला नाही. दुसऱ्या दिवशी ते लंगडत दुकानात गेले आणि कॅरिअर मागितलं. मंडळाने सायकलची पाहणी केली. तिला कॅरिअरसाठी भोकंच ठेवलेली नव्हती. कॅरिअर बसत नाही असा निष्कर्ष निघाला. तेव्हा ताईला आणायला जाण्यासाठी मागे बसायची जागा असलेली दुसरी सायकल जमवावी असं ठरलं आहे. मापं पुन्हा घेतली. मेहुणे मनापासून झटत आहेत, त्यांचं वजनही उतरलंय, आणि काम सध्या फ्रेमपर्यंत आलं आहे.

ही हकीकत मी आजवर पुष्कळ जणांना सांगितली. ऐकणारे चुकचुकतात, मेहुण्यांना नावं ठेवतात, ताईसाठी हळहळतात. मग खुर्ची जरा पुढे ओढून विचारतात, "ते सगळं खरं, पण पहिल्या सायकलला शेवटी फ्रेम कोणती घेतली?" तुम्हीही मघापासून त्याचीच वाट बघताय, म्हणून सांगून टाकतो: टायटॅनियमची. ताई कोणत्या गावी गेली, हे मात्र मला अजून एकानेही विचारलेलं नाही.