राणीसाहेबांनी हाळी दिली त्याची हकिकत

जी देवता गाभाऱ्यात एकटी असते आणि यात्रेत सर्वांची होते, तीस आधी दंडवत. शके सोळाशे सतरा, युवानाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. गड लहान, माणूस फार. बसावे ते मांडीस मांडी लावून, बोलावे ते खांद्यावर हात टाकून, आणि पाहुणा आला तर त्याची पाठ इतकी थोपटावी की त्यास ठसका लागावा, हीच तेथील माया. त्या गडावर महाराजांनी घाटमाथ्यावरील सरदाराची कन्या हौसाबाई राणी करून आणिली. माथ्यावर एका टेकडीस एकच घर, दोन घरांमध्ये रान आणि वारा, तेथे ती वाढली. वरात आली आणि बायकांनी तीस घेरिले. कोणी हनुवटी धरिली, कोणी वेणीची जाडी चाचपली, कोणी नथ हलवून पाहिली. राणीसाहेब एक पाऊल मागे सरल्या, मग बायका एक पाऊल पुढे आल्या, आणि ऐसे करिता करिता सारे लटांबर मुदपाकखान्यात शिरले, आणि राणीसाहेबांची पाठ ताकाच्या डेऱ्यास लागली तेव्हा थांबले. महाराजांची बहीण आक्कासाहेब जिभेने तिखट, त्या बोलिल्या, "आम्ही काय खाजकुयली आहोत, वहिनीसाहेब?" सारे हसले. महाराजांच्या मातोश्री आईसाहेब मात्र हसल्या नाहीत. सुनेस पोटाशी धरावयास त्यांनी दोन्ही हात पसरिले होते, ते तैसेच राहिले, आणि ते शल्य मनी बैसले.

मग महाराजांनी, राणीवर जीव म्हणोन, हुकूम केला की राणीसाहेबांच्या पाच हात नजीक कोणी जाऊ नये, आणि रंगोबा चोपदार पाच हातांचा वेळू घेऊन त्यांच्यासंगे फिरू लागला. अंतर मोजावयास तो स्वतःच हातभर अंतरावर उभा राही, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. विडा यावा तो वेळूच्या टोकास सूप बांधून, आणि लवंग वाटेतच गळावी. वेणी घालणाऱ्या दासीने दुरूनच फणी दाखवावी आणि राणीसाहेबांनी आपले केस आपण विंचरावे. आरंभी त्यांस बरे वाटले, श्वास मोकळा जाहला. मग दुपारी पलीकडच्या सोप्यात बायका एकमेकींच्या मांडीवर डोकी ठेवून ओव्या म्हणत, त्या यांनी एकट्याने ऐकाव्या. माणसे नकोत ऐसे आपण कधी म्हटले, हे त्यांस आठवेना. एके दिवशी त्यांनी चोपदारास पुसिले, "रंगोबा, तुमच्या घरी कोण कोण?"

"बायको आणि सहा पोरं, सरकार. एका घोंगडीत."

"गुदमरत नाही?"

"गुदमरतं की! म्हणून तर ही चाकरी गोड लागते."

राणीसाहेब पुष्कळ दिवसांनी हसल्या. पुढे पौषात संक्रांत आली, हळदीकुंकवास सुवासिनी जमल्या, आणि राणीसाहेबांस कुंकू लावावे कोणी, हा पेच पडला. साऱ्या करंडे घेऊन पाच हातांवर उभ्या. आक्कासाहेब म्हणाल्या, "आता काय भाल्याच्या टोकानं लावायचं?" तेव्हा आईसाहेब उठल्या आणि बोलिल्या, "पुरे झालं. ज्यांना माणसांत राहवत नाही, त्यांना आपल्या टेकडीवर सुखानं राहू द्या. पालखी सांगा." आणि दालनात जाऊन कवाड लोटून घेतले. मातोश्रींचा शब्द महाराजांस मोडवेना. भोई पालखी घेऊन चौकात आले. राणीसाहेबांस जावयाचे नव्हते. महाराज हवे होते, त्या ओव्या हव्या होत्या, आणि पसरलेले ते दोन हातही हवे होते. मग त्या रंगोबास म्हणाल्या, "बाजूला व्हा," आणि चौकाच्या दूरच्या कडेस जाऊन, तोंडाशी हात धरून, माथ्यावर देतात तैसी हाळी दिली, "ओऽऽ आईसाहेऽऽब! जवळ येऊ काऽऽ?"

पारवे उडाले, बुरुजावरील पहारेकऱ्याने शिंग उचलिले. आईसाहेबांनी कवाड उघडिले. "काय झालं? गनीम आला काय?"

"गनीम नाही, मी आले. आमच्याकडे कोणाच्या घरी जायचं तर बांधावरून हाळी देतात. घरचा 'या' म्हणाला, की मगच पाऊल टाकतात. मला तुमच्यापाशी बसायचं आहे, आईसाहेब. पण कोणी न विचारता हात लावला, की जीव उडतो माझा."

"आणि घरचा 'नको' म्हणाला तर?"

"तर परत फिरायचं. त्यात राग कसला?"

आईसाहेबांनी चौकटीस हात टेकिला. मग हळू बोलिल्या, "मी नवरी होऊन आले, तेव्हा गालगुच्चे घेऊन घेऊन माझे गाल सुजवले होते ह्या गडावरच्या बायकांनी. मी हसत बसले. मला कोणी विचारलं नाही. आजतागायत नाही." आणि मग, नवा पदार्थ चाखून पाहावा तैसे, म्हणाल्या, "तर मग... आज नको."

आक्कासाहेबांनी जीभ चाविली. राणीसाहेबांचा चेहरा मात्र खुलला. "जी, आईसाहेब," म्हणोन त्या मागे फिरल्या. आईसाहेब त्यांच्या पाठीकडे पाहात राहिल्या. आपल्या एका शब्दावर कोणी रुसल्यावाचून परत गेले, हे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. मग भोयांस म्हणाल्या, "तिळगूळ घ्या आणि जा घरी."

दुसरे दिवशी सकाळी त्याच उंबऱ्यातून हाक आली. ओरडण्याची सवय नाही, सूर मध्येच फाटला. "अगं हौसेऽ, ये गं आता!" राणीसाहेब धावत आल्या आणि हातभर अंतरावर थांबल्या. आईसाहेबांनी बोटावर कुंकू घेतले आणि पुसिले, "लावू ना?"

"लावा."

कुंकू लावून आईसाहेब खाली बैसल्या आणि राणीसाहेबांनी आपण होऊन त्यांच्या मांडीवर डोके टेकिले.

मग महाराजांनी हुकूम मागे घेतला आणि रंगोबास कोठारावर नेमिले. पुढे महिनाभर गडावर जो तो हाळी देऊ लागला. नवरे बायकांस हाळी देत आणि "आज नको" ऐकून पहाऱ्यावर परत जात, त्यामुळे त्या महिन्यात पहारा फार चोख राहिला. मग हळूहळू हाळीचे खाकरणे जाहले. आक्कासाहेब मात्र तैशाच आत शिरत, आणि "नको" ऐकिले की दिवसभर फुगत, आणि सायंकाळी चौकातून ओरडत, "वहिनीसाहेब, आता तरी येऊ का?"

येणेप्रमाणे वर्तमान. त्या साली मुलूख जिंकिला नाही, तोफ उडाली नाही. एका बाईने "नको" म्हटले आणि दुसरी हसत परत गेली, म्हणोन दुसरे दिवशी तीस बोलावणे आले. लिहून ठेवण्याजोगे एवढेच घडले, ते लिहिले.