विक्रीसाठी नाही

रेवणप्पांच्या मते धंद्याचं डोकं पुरुषाला जन्मतः मिळतं आणि बाईला मिळतं ते गिऱ्हाइकाचं. नवी पेठेतल्या त्यांच्या कापडदुकानात बायका यायच्या, गादीच्या कडेला टेकायच्या, खणांचा ढीग उलगडायला लावायच्या आणि रंग जमत नाही म्हणून उठून जायच्या. रेवणप्पांना यात बायकांचा दोष दिसायचा. अक्कम्माला, म्हणजे त्यांच्या बायकोला, रेवणप्पांचा दिसायचा.

"परक्या पुरुषासमोर खण अंगाला लावून बघायला बायकांना अवघड होतंय की," ती एकदा जेवण वाढताना म्हणाली. "खणांच्या बाजूला मी बसते. तुमी धोतरं बघा."

रेवणप्पा भाकरी चावत हसले. एवढी अक्कल असेल तर आधी आपल्या गल्लीतल्या बायकांना एखादी वस्तू विकून दाखव, म्हणाले. रथसप्तमीच्या आत विकलीस, तर खणांची बाजू तुझी. नाही विकलीस, तर दुकानाचं नाव पुन्हा काढायचं नाही. मग "साकु, साकु," म्हणून त्यांनी ताट पुढे सरकवलं. 'पुरे' हे कानडीत म्हटलं की विषय कायमचा संपतो, अशी त्यांची समजूत होती.

अक्कम्माला कानडी त्यांच्याहून चांगली येत होती. तिने दुसऱ्या दिवशी मीनाबाईंना गाठलं.

मीनाबाई पुण्याच्या एका कंपनीच्या प्लॅस्टिकच्या डब्यांच्या एजंट होत्या. हे डबे दुकानात मिळत नसत. एखाद्या घरी ओळखीच्या बायका बोलवायच्या, त्यांना नमुने दाखवायचे, मागण्या घ्यायच्या. माल मागाहून पुण्याहून यायचा, आणि जिच्या घरी कार्यक्रम तिला विक्रीच्या मानाने कंपनीकडून फुकट डबे. कल्पना विलायती होती. नमुने मात्र देशी हिशोबाने, म्हणजे पाचच होते: एक मोठा डबा, एक मधला, एक छोटा, एक झाकणाचा जग आणि एक मिठाची बरणी. प्रत्येकाच्या बुडाला कंपनीने चिठ्ठी डकवली होती: 'नमुना. विक्रीसाठी नाही.'

"एवढ्याच जिवावर मी अख्खा जिल्हा फिरते," मीनाबाई म्हणाल्या. "हे गेले तर माझं काम गेलं. जपा बाई."

अक्कम्माने मान डोलावली आणि मोठ्या डब्यावरून दोन्ही हात फिरवले. डबा आकाशी रंगाचा होता. त्यात पाणी भरून उलटा केला तरी थेंब सांडत नाही, हे तिने त्याच दिवशी पाण्याने आणि मग ताकाने करून पाहिलं. ताकाच्या वेळी झाकण नीट बसलं नव्हतं. पण त्यातूनच माणूस शिकतो.

अडचण एकच होती. डबे विकायचे आहेत म्हणून बोलावलं असतं, तर गल्लीतल्या एकीलाही त्या दिवशी घरातून निघायला जमलं नसतं. कोणाचा पाय मुरगळला असता, कोणाकडे वळसंगहून पाव्हणे आले असते. कंपनीचाही नियम होता, की खाणं होईपर्यंत विक्रीचा शब्द काढायचा नाही. संक्रांत तोंडावर होती. गड्ड्याची जत्रा भरली होती. अक्कम्माने सरळ हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. हळदीकुंकवाला पाय मुरगळलेली बाईसुद्धा येते.

या हुशारीवर ती इतकी खूश होती, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या हातात वाण पडावं लागतं, ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. इतकी वर्षं कंगवे, गाळण्या, साबणाच्या वड्या वाटलेल्या बाईच्या.

त्या दिवशी मीनाबाई सांगोल्याचा कार्यक्रम उरकून चारच्या एस.टी.ने येणार होत्या; बोलणं सगळं त्या करणार होत्या. एस.टी. आली नाही. बायका आल्या. काळ्या साड्या नेसून, अत्तर लावून घेऊन, शेंगापोळीवर तूप कमी का जास्त हे एकमेकींना खुणेने सांगत बसल्या. समोर टेबलावर अक्कम्माने हिरवा खण अंथरला होता, त्यावर पाच नमुने मांडले होते, आणि शुभकार्य म्हणून प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं.

बायकांच्या नजरा पोळीवरून टेबलाकडे जात होत्या. शेवटी रेवणप्पांच्या थोरल्या बहीण निंगव्वाबाई उठल्या. निंगव्वाबाई शेजारच्याच गल्लीत राहायच्या आणि माहेरच्या प्रत्येक वस्तूवर आपला पहिला हक्क आहे असं समजायच्या. मागच्या संक्रांतीला त्यांनी वाण म्हणून उसाचं एकेक कांडं वाटलं होतं, तेही उभं चिरून. त्यांनी आकाशी डबा उचलला, झाकण उघडून वास घेतला, बंद केला आणि पिशवीत घातला.

"यंदा वाण लई भारी काढलंस गं, अक्कम्मा," त्या म्हणाल्या. "आमच्या भावाला परवडतंय म्हणायचं."

अक्कम्माच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. "वन्सं, ते तसं न्हाय... ते बघायला..."

"बघितलं की. चांगलाय."

"विकायचं असंल हो ते," शेजारच्या केसरबाई मिठाची बरणी उलटीपालटी करत म्हणाल्या. अक्कम्माने देवाचे आभार मानले. पण केसरबाईंना बुडाची चिठ्ठी सापडली, आणि त्यांनी ती साऱ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. "न्हाय न्हाय. हितं लिहिलंच हाय की. विक्रीसाठी नाही." आणि बरणी पदराखाली गेली.

छापील पुराव्यापुढे कोणाचं काय चालणार? जग गेला, मधला डबा गेला, छोटा डबा दोघींनी एकदम धरला आणि वयाने मोठी होती तिने नेला. हळदीकुंकू लागलेलं वाण सवाष्णीच्या पिशवीतून परत मागणं म्हणजे काय, हे अक्कम्माला सांगायला नको होतं. तिच्या सासूबाईंनी एकदा चुकून दिलेली चांदीची वाटीसुद्धा मागितली नव्हती. फक्त मरेपर्यंत त्या बाईशी बोलल्या नव्हत्या.

टेबल रिकामं झालं आणि उरलेल्या नऊजणी हात मोकळे घेऊन उभ्या राहिल्या. पाचजणींना डबे आणि नऊजणींना तीळगूळ, ही बातमी दिवे लागायच्या आत अख्ख्या पेठेत फिरली असती. आपल्या तोंडून काय निघतंय हे अक्कम्माने बाकीच्यांबरोबरच ऐकलं.

"तुमची वाणं पुण्याहून येतायत. रंग कुठला पायजे ते सांगून जावा."

नऊजणींनी रंग सांगितले. एकीने आधी पिवळा सांगितला, मग तुळशीकट्ट्यापर्यंत जाऊन परत येऊन गुलाबी केला. फुकटच्या वस्तूत बाई जितकी चोखंदळ असते तितकी लग्नाच्या शालूतही नसते.

मीनाबाई धुळीने माखून पोचल्या तेव्हा घरात फक्त अक्कम्मा होती, रिकाम्या टेबलासमोर. टायर दोनदा बसला, असं सांगत त्यांनी एका घोटात पाणी संपवलं आणि विचारलं, किती मागण्या?

"नऊ," अक्कम्मा म्हणाली.

"पहिल्याच दिवशी?" मीनाबाईंचा चेहरा उजळला. मग त्यांची नजर टेबलावर गेली. "नमुने?"

अक्कम्माने सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर मीनाबाईंनी उरलेली शेंगापोळी मागून घेतली आणि शांतपणे खाल्ली.

"म्हणजे माल गेला, आणि वर नऊजणींचं देणं लागलं," त्या म्हणाल्या. "असा धंदा मी सांगोल्यातसुद्धा बघितला न्हाय, बाई."

रात्री रेवणप्पांनी कार्यक्रम कसा झाला विचारलं. सगळ्या वस्तू गेल्या, असं अक्कम्माने सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दारी केसरबाई आल्या. पुढच्या दाराने यायचं सोडून त्या गोठ्याकडून का आल्या, हे अक्कम्माला कळेना. केसरबाईंनी आधी हवापाण्याचं काढलं, मग जत्रेतल्या पाळण्याचं, आणि मग आवाज खाली आणला. शुक्रवारी त्यांचं हळदीकुंकू होतं. त्यांनी आरसे आणून ठेवले होते. छोटे, पाठीमागे मोराचं चित्र असलेले. पण आता, अक्कम्माच्या घरून बरणी नेल्यावर, तिच्याच समोर मोराचा आरसा कुठल्या तोंडाने काढायचा?

"त्या बरण्या कुठं मिळतात तेवढं सांगा. पंधरा पायजेत. आणि निंगव्वाबाईंना बोलू नका."

केसरबाई गेल्या तशी जगवाली आली, तीही गोठ्याकडूनच. तिचं हळदीकुंकू सोमवारी होतं आणि तिला केसरबाईंपेक्षा मोठं काही हवं होतं. मग गुलाबी रंगवाली. तिला तर अजून वाण मिळायचं होतं, पण फेडायची काळजी आधी लागली होती. दोन दिवसांत मागच्या दाराची कडी घालायला अक्कम्माला सवड मिळाली नाही. ज्या बायका रुपयाची वस्तू विकत घेताना दहा दुकानं पालथी घालत, त्या एकमेकींच्या नाकावर टिच्चून फुकट वाटायची म्हटल्यावर डझनाच्या खाली बोलत नव्हत्या.

या सगळ्या मागण्या घेऊन मीनाबाई पुण्याला गेल्या आणि माल स्वतः रेल्वेने घेऊन आल्या. एवढ्या विक्रीवर कंपनीने अक्कम्माला जे डबे फुकट दिले, त्यात नऊजणींचं वाण रंगासकट भागलं.

राहिले नमुने. त्यांच्यावाचून मीनाबाईंचा पुढचा कार्यक्रम अडला होता. पण अक्कम्माने आपल्या गल्लीला बरोबर ओळखलं होतं. "थांबा," ती म्हणाली, "आपसूक येतील." केसरबाईंच्या हळदीकुंकवात तिला बरणी मिळाली. नवीन पंधरांत एक कमी पडली, म्हणून केसरबाईंनी आधीची त्यात ढकलली होती. बुडाला चिठ्ठी होती. सोमवारी जग आला. मधला आणि छोटा डबाही असेच, हसतमुखाने, हळदीकुंकू लावून परत आले. फक्त आकाशी डबा राहिला.

निंगव्वाबाईंचं हळदीकुंकू शेवटचं, रथसप्तमीला. बाकीच्यांना त्यांनी तिळाच्या वड्या दिल्या. अक्कम्माला आत बोलावलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ओटीत घातलं.

"तुझ्यासाठी मुद्दाम पुण्याहून मागवलंय. कुणाला बोलू नको."

बुडाची चिठ्ठी नखाने खरवडलेली होती. 'नमुना' गेला होता. 'विक्रीसाठी नाही' जायला तयार नव्हतं. डब्याला हिंगाचा वास येत होता.

"लई चांगलाय, वन्सं," अक्कम्मा म्हणाली. "कशाला एवढा खर्च केलात?"

चिठ्ठी फाटलेला आणि हिंग लागलेला नमुना कंपनी परत घेईना. मीनाबाईंनी तो अक्कम्मालाच देऊन टाकला. तोपर्यंत रेवणप्पा पेठेत ज्याला त्याला सांगू लागले होते, की बायकोला धंद्याचं वळण त्यांनीच लावलं. खणांची बाजू तिला द्यायला त्यामुळे त्यांना जड गेलं नाही.

अक्कम्मा दुकानात बसली त्याच आठवड्यात निंगव्वाबाई आल्या. त्यांनी सावकाश सगळा ढीग उलगडून घेतला, दोन इरकली खण निवडले, वास घेतला आणि पिशवीत घातले. भावाच्या दुकानात त्या गेली वीस वर्षं अशाच खरेदी करत होत्या. रेवणप्पांनी एकदम मान खाली घालून मापाची पट्टी शोधायला घेतली. ती त्यांच्या हातातच होती.

अक्कम्माच्या शेजारी सुट्ट्या बटणांनी भरलेला आकाशी डबा होता. तिने तो उचलला आणि बूड दिसेल असा वन्संसमोर धरला.

"वन्सं, ह्याच्यावर लिहिलंय, विक्रीसाठी नाही," ती गोड आवाजात म्हणाली. "खणावर तसं कुटं लिहिलेलं दिसलं का तुमाला?"

निंगव्वाबाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. तो पट्टी शोधत होता. मग त्यांनी कमरेची पैशांची चंची सोडली.

डब्यातलं एकही बटण सांडलं नाही. झाकण नीट बसलेलं होतं.