उद्घाटनाचा चेंडू

एका जंगलात एक क्रिकेट क्लब होता. जंगलात क्लब कुठून आला, असं विचारू नका, मुलांनो. चार रिकामटेकडे जमले की क्लब निघतोच. आठ जमले की त्याची कार्यकारिणीही निघते.

जंगलाच्या मधोमध एक तळं होतं. उन्हाळ्यात ते आटायचं, तळाची माती वाळून टणक व्हायची, आणि तेच क्लबचं मैदान. पावसाळा लागला की मैदानात मासे. त्यामुळे मोसम एवढाच: करवंदं पिकायला लागल्यापासून जांभळं संपेपर्यंत.

या क्लबात भिवा नावाचा मुंगूस होता. चणीने एवढासा, पण गोलंदाजी बघत राहावी अशी. त्याला एकाच तऱ्हेचा चेंडू टाकता यायचा. सरळ. सापाच्या फण्यावर झेप घ्यायची तर इकडेतिकडे करून चालत नाही, आणि त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दुसरा धंदा नव्हता. भिवाने चेंडू सोडला की मधली दांडी टक् करून उडायचीच.

नदीपलीकडच्या जंगलाशी क्लबचे दर उन्हाळ्यात सामने व्हायचे. जिंकेल त्याला फणसाच्या लाकडाची ढाल. ही ढाल भिवाच्या बापाच्या हातून गेली होती. शेवटचा चेंडू टाकताना म्हाताऱ्याचा पाय घसरला, आणि ढाल नदीपलीकडे गेली ती गेलीच. आता त्याला दिसत नव्हतं. वारुळाशी बसून तो भिवाचा सराव ऐकायचा. टक् ऐकू आलं की मान डोलवायचा.

"भिवा, यंदा तेवढी ढाल आण रं," तो म्हणायचा. "बघाया न्हाई मिळायची, पण हात तरी फिरवीन."

"आणतो, बाबा," भिवा म्हणायचा. आणि खरंच आणली असती. पण क्लबला त्या वर्षी एक हुशार सेक्रेटरी मिळाला. कोल्हा.

"यंदाच्या मोसमाचं उद्घाटन वाघसाहेबांच्या हस्ते!" कोल्ह्याने जाहीर केलं.

उद्घाटनाची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. पाहुण्याच्या हातात बॅट द्यायची. गोलंदाजाने एक हळुवार चेंडू टाकायचा. पाहुण्याने तो टोलवायचा, सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या, पाहुण्याने बॅट परत करून भाषण करायचं, आणि मग खरा खेळ.

वाघसाहेब आले. गळ्यात पळसफुलांचा हार. बॅट त्यांनी काठीसारखी धरली होती, पण ते सांगणार कोण?

"हळू टाक हं," कोल्हा भिवाच्या कानात म्हणाला.

भिवाने हळू टाकला. अगदी हळू टाकला. पण सरळ टाकला.

टक्.

बगळेमास्तर पंच होते, आपले नेहमीप्रमाणे एका पायावर उभे. बाद द्यायला त्यांनी पंख वर उचलला, तेवढ्यात त्यांची नजर वाघसाहेबांच्या मिशांवर गेली. वर चाललेला पंख त्यांनी तसाच आडवा केला.

"नो बॉल! साहेब तयार नव्हते."

दुसरा चेंडू. टक्. "नो बॉल! साहेबांच्या डोळ्यांवर ऊन होतं."

तिसरा चेंडू. टक्. "नो बॉल! साहेबांच्या मिशीवर माशी बसली होती." माशी बिचारी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. पण तिने तक्रार केली नाही.

दिवस मावळला. माकडांच्या हातातल्या टाळ्या हातातच राहिल्या.

"दुसऱ्या कुणाला चेंडू देऊ का, साहेब?" कोल्ह्याने हळूच विचारलं.

"नाही!" वाघसाहेब गुरगुरले. "मारीन तर या मुंगसाचाच मारीन. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. उद्घाटनाशिवाय सामना म्हणजे मुंडावळ्यांशिवाय नवरदेव, असं कोल्ह्याचं मत होतं. त्यामुळे सामने पुढे ढकलले जात राहिले. नदीपलीकडचा संघ दर रविवारी पॅड बांधून यायचा, करवंदं खायचा, वाघसाहेबांचा खेळ बघायचा आणि परत जायचा.

"उशीर होतोय खरा," कोल्हा त्यांच्या कप्तानाला म्हणाला.

"असू द्या हो," कप्तान म्हणाला. हा धोंडोपंत रानडुक्कर. "आम्हाला कसली घाई? ढाल आमच्याच घरात आहे."

हे भिवाने ऐकलं. करवंदं संपत आली होती. तो कोल्ह्याकडे गेला.

"सेक्रेटरीसाहेब, मला वाकडा चेंडू शिकवा. एकदाचं उद्घाटन होऊ दे आणि आम्हाला खेळू दे."

कोल्ह्याने जन्मात चेंडू हातात धरला नव्हता. पण वाकडं कसं जावं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याने भिवाची रोज शिकवणी घेतली.

"मनगट सैल सोड. नजर भलतीकडे ठेव. दांडीकडे बघू नकोस. दांडी आहे हेच विसर."

पहिले काही दिवस चेंडू ऐकेना. डोळे मिटून टाकला तरी टक्. पाठमोरा टाकला तरी टक्. पण मुलांनो, मेहनतीने काय होत नाही? हळूहळू चेंडू कडेला सरकू लागला. मग आणखी कडेला.

वारुळाशी बसलेला म्हातारा कान टवकारून बसायचा.

"भिवा, आवाज येईना रं."

"थोडे दिवस, बाबा. मग येईल."

आणि एका रविवारी ते घडलं. भिवाने डोळे मिटले, मनगट सैल सोडलं आणि चेंडू टाकला. चेंडू वाकडातिकडा जात वाघसाहेबांच्या शेपटीकडे निघाला. वाघसाहेबांनी बॅट गरकन फिरवली. बॅट चेंडूला लागली की चेंडू बॅटला, यावर वाद होऊ शकतो. पण चेंडू हातभर पुढे गेला, हे सगळ्यांनी पाहिलं.

"षटकार!" बगळेमास्तर ओरडले.

काय त्या टाळ्या! माकडांनी इतके दिवस साठवलेल्या सगळ्या वाजवून टाकल्या. वाघसाहेबांचं भाषण झालं. कोल्ह्याने आभार मानले. मोसमाचं रीतसर उद्घाटन झालं.

तोवर जांभळाच्या झाडावर शेवटचा घोस राहिला होता. एकच सामना होण्याजोगा होता. ढाल त्यावरच ठरायची होती.

तो सामना दृष्ट लागावी असा रंगला. शेवटचं षटक आलं तेव्हा नदीपलीकडच्यांना मूठभर धावा हव्या होत्या. त्यांची शेवटची जोडी खेळत होती. चेंडू भिवाकडे आला. त्याच्या मनात एवढंच होतं: एक टक्. बास, एकच.

तो धावत आला. चेंडू सोडला. चेंडू कडेने गेला.

"वाइड," बगळेमास्तर म्हणाले. नियमाला ते फार पक्के होते.

भिवाने डोळे मोठे केले. मनगट आवळलं. दांडीकडे रोखून पाहिलं. चेंडू कडेने गेला. पुन्हा टाकला, पुन्हा कडेने. लहानपणापासून जे न शिकता येत होतं, ते आता आठवून आठवून येईना. धोंडोपंत बॅटवर रेलून जांभळं खात उभे राहिले, आणि वाइडच्या धावांवर सामना जिंकून, ढाल घेऊन नदीपलीकडे गेले.

खुर्चीवर बसलेले वाघसाहेब भडकले. "या मुंगसाला झालंय काय? उद्घाटनाला तर मेला कसा सरळ टाकत होता! पुढच्या वर्षी संघात सरळ टाकणारा कुणीतरी आणा."

"आणतो, साहेब," कोल्हा म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "उद्घाटनाला मात्र यालाच ठेवू."

"हां," वाघसाहेब म्हणाले. "तिथे चांगला आहे."

अशा रीतीने भिवा संघातून गेला आणि क्लबचा कायमचा उद्घाटन-गोलंदाज झाला. त्याचा तिथल्या तिथे सत्कारही झाला.

संध्याकाळी तो वारुळाशी आला. म्हातारा वाटच बघत होता.

"आणलीस?"

म्हाताऱ्याने चाचपडत दोन्ही हात पुढे केले. हाताला सत्काराची शाल लागली. तिच्यावरून त्याने बराच वेळ हात फिरवला.

"मऊ हाय," तो म्हणाला.

तात्पर्य: सरळपणा वाईट नाही, मुलांनो, फक्त उद्घाटनाच्या दिवशी तो घरी ठेवून जावा. मात्र परत आल्यावर तो ठेवल्या जागी सापडेल, अशी आशा धरू नये. शाल मिळते, ती पांघरावी.