कप्तानाचा बेपत्ता बाप्तिस्मा

अख्ख्या किलव्हारा पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, मेलेली माणसं हुडकून काढणारा डिटेक्टिव्ह एकच, आणि तो म्हणजे मी, फिनबार टूमी. जिवंत माणसं पोलीस शोधतात, पण त्यात कसली आली बुद्धी? जिवंत माणूस आज ना उद्या पबमध्ये येतोच. मी एकतीस वर्षं टपाल वाटलंय, त्यामुळे कुठल्या घरात काय शिजतंय हे मला पाकिटाच्या वजनावरून कळतं. नजर तर अशी तीक्ष्ण, की चष्मा सापडला तर काहीच सुटत नाही. माझी धाकटी बहीण नोरीन मला रिकामटेकडा म्हणते. प्रतिभावंतांना घरच्यांकडून एवढं सोसावंच लागतं.

सोमवारी पॅट जो मलक्वीन माझ्याकडे आला. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, आणि ती उगारायला त्याला कारण लागत नाही. त्याचे आजोबा टाइग मलक्वीन म्हणजे हर्लिंगच्या, काठीने चेंडू मारायच्या आमच्या खेळाच्या, टीमचे कप्तान. १८८९च्या फायनलमध्ये त्यांनी शेजारच्या ड्रमकॉर पॅरिशवर तीन गोल चढवले होते. आता मैदानाच्या फाटकाशी त्यांच्या नावाचा दगड बसणार होता. त्यावर ‘जन्म किलव्हारा’ असं कोरायचं, तर कमिटीत कुणाला तरी अक्कल सुचली, की पुरावा पाहिजे.

“शुक्रवारपर्यंत कागद मिळाला नाही तर ते गाळणार आहेत रे,” पॅट जो म्हणाला. “ड्रमकॉरवाले विचारतील, तुमचा कप्तान काय आभाळातून पडला? आयुष्यभर त्यांच्यापुढे मिरवलंय मी. आता जाता जाता माझं नाक कापू नकोस.”

मी केस घेतली.

अडचण अशी, की सरकारने जन्मांची नोंद ठेवायला सुरुवात केली १८६४ साली, आणि कप्तान जन्मले १८५७ साली. एवढ्या जुन्या माणसाचा पुरावा एकच, चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची ओळ. किलव्हाराच्या वहीत मलक्वीनांची सहा भावंडं सापडली. टाइग नव्हते.

मंगळवारी मी पहिला सिद्धांत मांडला: दोन पानं चिकटली आहेत. फादरच्या किटलीची वाफ देऊन ती सोडवली. आतून कोरी पाठ निघाली, आणि फादर चहाला मुकले.

बुधवारी दुसरा सिद्धांत: कप्तान मुळात प्रोटेस्टंट असावेत. हा मी पॅट जोला काठीच्या टप्प्याबाहेर उभं राहून सांगितला. टप्पा मोजण्यात थोडी चूक झाली.

तिसरा सिद्धांत जास्त खोल होता. त्या काळच्या फादरना कमी दिसत असणार, म्हणून वहीत १८५७ साली जी ब्रिजेट आहे, ती मलक्वीन नसली तरी तेच आपले कप्तान.

“माझे आजोबा ब्रिजेट?” पॅट जो म्हणाला.

“बाप्तिस्म्यापुरतेच.”

हे बोलणं गुरुवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात चाललं होतं. नोरीन ओट्यापाशी सोडा ब्रेडचं पीठ कालवत होती. तिने मान वर न करता विचारलं, “त्यांची आई कुठली?”

“कुणाची?”

“कप्तानाची. आई असेल ना त्यांना? की तिचीही नोंद नाही?”

“नोरीन, मी मलक्वीन घराणं शोधतोय,” मी समजुतीने म्हणालो. “यात आईचा काय संबंध?”

“हो ना, जन्माशी आईचा काय संबंध! पॅट जो, तुमची पणजी कुठली हो?”

पॅट जो छताकडे बघू लागला. “टेकडीपलीकडची.”

टेकडीपलीकडे ड्रमकॉरखेरीज काही नाही.

“आणि कप्तान थोरले?”

“थोरले.”

“मग झालं की! पहिलं बाळंतपण माहेरी. सासूसमोर कळा द्यायची हौस कुणाला असते? आणि तिसऱ्या दिवशी तिथल्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा. कुठल्याही बाईला विचारायचं होतंस, फिनबार. पण तू किटल्या उकळत बसलास.”

तिने पिठाच्या बोटांनीच कंप्युटरवर ड्रमकॉरच्या चर्चची स्कॅन केलेली वही उघडली. टाइग, बाप मलक्वीन, आई माहेरची फिहिली. धर्मपिता म्हणून सख्खे मामा उभे होते. शोधायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

चहा निवत गेला, पण पॅट जोने कपाला हात लावला नाही. मला खरंच वाईट वाटलं. मग तो म्हणाला, “त्या फायनलला त्यांचा गोलकीपर फिहिलीच होता.”

“बहुतेक मामेभाऊ,” मी म्हणालो. हा तर्क मात्र पूर्णपणे माझा.

“म्हणजे तिन्ही गोल मामेभावावर?” त्याचा चेहरा हळूहळू उजळला. “मग माणूस आपलाच!”

“आणि तुमची आई कुठली, पॅट जो?” नोरीनने विचारलं. “तुम्हीही थोरलेच ना?”

“माझी चौकशी कुणी सांगितलेली नाही,” असं म्हणून त्याने काठी उचलली.

संध्याकाळी मी कमिटीपुढे अहवाल ठेवला. सातही सभासदांनी मनातल्या मनात आपापल्या आईचं माहेर आठवलं, आणि जन्माचा उल्लेख अनावश्यक आहे असा ठराव दोन मिनिटांत एकमताने पास झाला. दगडावर कोरलं, ‘किलव्हाराचा कप्तान’.

पुढच्या रविवारी पॅट जो आमच्या चर्चमध्ये दिसला नाही. चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदाच तो ड्रमकॉरच्या चर्चमध्ये शिरला, तरातरा पुढे गेला आणि पहिल्या बाकावरच्या फिहिली मंडळींना काठीने खुणावून म्हणाला, “सरका जरा. आमच्या आजोबांचं आजोळ आहे हे.”

भांडायची पूर्ण तयारी करून गेलेला माणूस तो. पण ते मुकाट्याने सरकले, वर त्यांच्यातल्या एका म्हातारीने त्याचा हात धरून त्याला जवळ बसवलं. त्याबद्दल पॅट जोने ड्रमकॉरवाल्यांना अजून माफ केलेलं नाही, आणि ते ऐकवायला तो दर रविवारी तिथे जातो.