गुलशन टेलर्स, अकोला

गफ्फारचाचांकडे परदेशी नावाची पँट आखूड करायला टाकली, की ती आखूड होऊन मिळायची. पण कमरेवरचं कंपनीचं लेबल गायब झालेलं असायचं. त्या जागी निळ्या धाग्यात लिहिलेलं असे, 'गुलशन टेलर्स, अकोला'. कॉलेजची पोरं रडकुंडीला यायची, कारण निम्मे पैसे त्यांनी त्या लेबलाचेच मोजलेले असत. चाचा तोंडातली सुई काढून शांतपणे म्हणायचे, "कोन गोरा साहेब आला होता तुयं माप घ्यायले?"

रेडीमेड कपड्याला ते 'बेवारस' म्हणत. टेप गळ्यात असायची, पण दागिन्यासारखी. रस्त्यानं जाणाऱ्याची कमर ते नुसत्या नजरेनं सांगत. मी शाळामास्तर, एकदा भर चौकात माझ्या विद्यार्थ्यांसमोर त्यांनी विचारलं, "गुरुजी, चौतीसची छत्तीस झाली. शाळेत उभं राहून शिकवत नाई काय?" एम, एल, एक्सेलवर तर त्यांचा भारी राग. अल्लानं एका कमरेसारखी दुसरी बनवली नाही, असं ते म्हणत.

माझ्या लग्नाचा सूट गुलशनचा. पुढं मीही बेवारस कपडे घालू लागलो, आणि चाचांच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या गल्लीनं शाळेत जाऊ लागलो. बरीच वर्षं. हे आजवर घरीही सांगितलेलं नाही.

त्याच वर्षांत कापसाला भाव नव्हता. लग्नसराईतही खेड्यातून सुटाचं कापड येईना. चाचांचा एकुलता मुलगा सलीम दुकानातल्या मशीनवरून उठला आणि अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या कपड्यांच्या कारखान्यात लागला. तिथं त्याला काम एकच: दिवसभर पँटींच्या कमरेवर परदेशी लेबलं शिवायची. बापलेकांचं वाजलं. "बापाचं नाव सोडून दुसऱ्याचं लावून राहिला," चाचा म्हणाले. सलीम अमरावतीलाच राहिला, ईदलाही आला नाही. चाचा त्याचं नाव घेत नसत. विषय निघालाच, तर 'तो कंपनीवाला'.

गेल्या हिवाळ्यात बाजारातल्या हातगाडीवर कारखान्यांनी बारीकसारीक खोट काढून नाकारलेला माल आला. मी एक पँट घेतली. ती लांब निघाली. बायकोनं मला गुलशनकडे पिटाळलं.

"मागची गल्ली बंद झाली वाटते," चाचा म्हणाले.

मी पँट पुढं केली. त्यांनी सवयीनं ब्लेड घेतलं, लेबलाचा पहिला टाका तोडला आणि थांबले. पँट पार डोळ्यांजवळ नेली. लेबलाची शिलाई सरळ संपत नव्हती. शेवटाला तिरपी वळून दोन टाके मागं आली होती. तसा शेवट माझ्या लग्नाच्या सुटावरही आहे. शिलाई उसवू नये म्हणून चाचा तो घालायचे, आणि हात धरून त्यांनी तो सलीमला शिकवला होता.

चाचांनी सुईत धागा ओवला. पहिल्यांदा ओवला गेला नाही. मग तोडलेला टाका परत घातला, पँट आखूड केली आणि घडी करून माझ्यापुढं ठेवली.

"तुमचं लेबल?" मी विचारलं.

"लागलं हाये," ते म्हणाले.

दोन दिवसांनी ते बाजारात दिसले. हातगाडीवरच्या ढिगातली एकेक पँट उलटून कमरेशी पाहत होते. बराच वेळ झाला तसा गाडीवाला वैतागला. "चाचा, कमर कोन्ती पायजे, ते तं सांगा."

"कोन्तीबी दे," चाचा म्हणाले.